एका रुपयाचे मोल : विकास कार्यक्रमांच्या खर्च-परिणामकारकतेच्या मूल्यमापनाची चिकित्सा

गोषवारा

गरीब देशांतील आरोग्य, शिक्षण व रोजगारविषयक कार्यक्रमांची तुलना 'एका एककाच्या परिणामामागे किती खर्च आला' या कसोटीवर करण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत सर्वमान्य झाली आहे. प्रस्तुत लेखात केनियातील जंतनाशक कार्यक्रम, उदयपूर जिल्ह्यातील लसीकरण शिबिरे, मुंबई व वडोदरा येथील बालसखी कार्यक्रम आणि गडचिरोली जिल्ह्यातील घरोघरी नवजात बालसेवा या उदाहरणांच्या आधारे या पद्धतीची चिकित्सा केली आहे. मोजणी नाकारणे गरिबांच्या हिताचे नाही. मात्र मोजणीतून येणारे गुणोत्तर हे निर्णयाला पर्याय ठरू शकत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. विशेषतः 'कमी खर्च' हा अनेकदा अल्प मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांच्या श्रमातून निर्माण होतो, या दुर्लक्षित बाबीकडे लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : खर्च-परिणामकारकता, यादृच्छिक नियंत्रित चाचणी, डॅली, जंतनिर्मूलन, नवजात बालसेवा, छायावेतन.

१. प्रस्तावना

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे, म्हणजेच यूएसएडचे, स्वतंत्र कामकाज १ जुलै २०२५ रोजी संपुष्टात आले. इतर काही श्रीमंत देशांनीही याच सुमारास परकीय मदतीत कपात केली. निधी आटू लागला की 'उरलेला पैसा कोठे खर्च करावा' हा प्रश्न अधिक तीव्र होतो. क्षयरोगाची औषधे, मच्छरदाण्या, शाळेतील माध्यान्ह भोजन, पिण्याचे पाणी यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा? सर्वच गरजा खऱ्या असतात; परंतु सर्व गरजा भागविण्याइतका पैसा नसतो. अशा वेळी निवड करावी लागते आणि निवडीला आधार म्हणून आकडे मागितले जातात.

हे आकडे पुरविण्याचे काम खर्च-परिणामकारकतेचे विश्लेषण करते. अंशस्थानी खर्च आणि छेदस्थानी परिणाम मांडला की एक गुणोत्तर मिळते : एक मृत्यू टाळण्यास इतके डॉलर, शालेय उपस्थितीचे एक वर्ष वाढविण्यास इतके रुपये. दोन कार्यक्रमांची गुणोत्तरे शेजारी ठेवली की निवड सोपी झाल्यासारखी वाटते. अशी सुलभता कितपत खरी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही. महाविद्यालयीन अध्यापकांकडे शासकीय योजनांच्या मूल्यमापनाची कामे येतात, विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांना ते मार्गदर्शन करतात आणि अशा अहवालांतील आकड्यांवर पुढे निर्णय होत असतात.

२. पार्श्वभूमी

प्रकल्पांचे आर्थिक मूल्यमापन ही कल्पना नवी नाही. भारतात नियोजन पर्वाच्या आरंभीच, १९५२ मध्ये, कार्यक्रम मूल्यमापन संघटनेची स्थापना झाली होती. १९६८ मध्ये लिटल आणि मिर्लीस यांनी विकसनशील देशांतील औद्योगिक प्रकल्पांच्या विश्लेषणाची पद्धत मांडली. १९७२ मध्ये पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्गलिन व अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. या दोन्ही ग्रंथांचा गाभा एकच होता. बाजारातील किंमत ही समाजाच्या दृष्टीने खरी किंमत असतेच असे नाही. म्हणून श्रम, परकीय चलन आणि बचत यांच्या 'छायाकिमती' काढून मगच हिशेब मांडावा. हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

१९९३ च्या जागतिक बँकेच्या विकास अहवालाने आरोग्यक्षेत्रात या विचाराला वेगळे वळण दिले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजार वा अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज करणारे 'डॅली' हे एकक त्यात वापरले गेले. एकच मोजपट्टी मिळाल्यामुळे क्षयरोगाची मोतीबिंदूशी आणि गोवराची मनोविकाराशी तुलना करणे शक्य झाले. परंतु या मोजपट्टीत मूल्यनिर्णय दडलेले होते. भविष्यातील वर्षांना दरसाल ३ टक्के वटाव लावला जात असे. या दराने ३० वर्षांनंतरचे निरोगी आयुष्याचे एक वर्ष आजच्या सुमारे ०.४ वर्षाइतकेच भरते. तरुण वयातील वर्षाला बालपणीच्या किंवा वार्धक्यातील वर्षापेक्षा अधिक वजन दिलेले होते. सुधीर आनंद व कारा हॅन्सन यांनी १९९७ मध्ये या गृहीतांवर नेमके बोट ठेवले. २०१० या वर्षासाठीच्या जागतिक रोगभार अभ्यासात वयानुसार वजन आणि वटाव हे दोन्ही वगळण्यात आले. ज्या एककाच्या आधारे जवळजवळ दोन दशके अग्रक्रम सुचविले गेले, त्याची व्याख्याच बदलली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२००० नंतर यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचा मोठा प्रवाह आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाल्याने या प्रवाहावर मान्यतेची मोहोर उमटली.

३. मोजणीचे श्रेय

टीकेपूर्वी या पद्धतीचे श्रेय तिला दिले पाहिजे. मोजणी न करता केलेला खर्च निष्पाप असतो, असा एक समज आपल्याकडे आहे. वस्तुतः चुकीच्या ठिकाणी गेलेल्या पैशाची किंमत ज्यांना काही मिळाले नाही ते मोजतात. फक्त ते नजरेस पडत नाहीत.

पेरू देशात प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप देण्याचा कार्यक्रम मोठ्या उत्साहाने राबविला गेला. एका लॅपटॉपची किंमत सुमारे २०० डॉलर होती. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गणित व भाषा या विषयांतील संपादणुकीवर कोणताही परिणाम आढळला नाही. केनियातील शाळांना पाठ्यपुस्तके पुरविण्याच्या प्रयोगातही सरासरी गुण वाढले नाहीत. आधीच पुढे असलेल्या मुलांनाच त्याचा लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. पुस्तक दिले म्हणजे शिक्षण झाले, हे गृहीत मोजणीमुळे उघडे पडले.

याउलट 'प्रथम' या संस्थेने मुंबई व वडोदरा येथील महानगरपालिका शाळांत राबविलेला बालसखी कार्यक्रम पाहावा. वर्गात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन व गणित शिकवीत असे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली आणि दर विद्यार्थ्यामागे वार्षिक खर्च सुमारे सव्वादोन डॉलर आला. लॅपटॉपच्या किमतीशी या खर्चाची तुलना केली असता मोजणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उदयपूर जिल्ह्यातील लसीकरणाचा प्रयोग त्याहूनही बोलका आहे. 'सेवा मंदिर' या संस्थेच्या साहाय्याने १३४ गावांत हा अभ्यास झाला व २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे काहीच केले नाही तेथे संपूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण ६ टक्के होते. जेथे दरमहा नियमित शिबिर भरविले तेथे ते १८ टक्के झाले. जेथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीच्या वेळी एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्या दिल्या, तेथे ते ३९ टक्क्यांवर पोहोचले. सामान्य व्यवहारबुद्धी सांगते की डाळ दिल्याने खर्च वाढला असेल. प्रत्यक्षात दर बालकाच्या संपूर्ण लसीकरणाचा खर्च केवळ शिबिरांच्या गावांत २,२०२ रुपये, तर डाळ देणाऱ्या गावांत १,१०२ रुपये आला. कारण उघड आहे. परिचारिका, वाहन आणि शिबिराची व्यवस्था यांचा खर्च दहा बालके आली काय किंवा वीस आली काय, जवळजवळ तेवढाच राहतो. अधिक बालके आल्याने तो अधिक जणांत विभागला गेला. 'फुकट वाटल्याने पैसा वाया जातो' या लोकप्रिय मताला हे चोख उत्तर होते आणि ते मोजणीशिवाय देता आले नसते.

४. परिणाम : छेदस्थानी नेमके काय?

गुणोत्तराचा पहिला कच्चा दुवा परिणामाच्या बाजूस आहे. केनियाच्या पश्चिम भागातील बुसिया जिल्ह्यात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या देण्यात आल्या. मिगेल व क्रेमर यांचा यावरील निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्यांमुळे शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि शालेय सहभागाचे एक वर्ष अवघ्या साडेतीन डॉलरमध्ये वाढविता आले, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय ज्यांनी गोळी घेतली नाही त्या शेजारच्या मुलांनाही संसर्ग घटल्यामुळे लाभ झाला, असे त्यांनी दाखविले. परीक्षेतील गुणांवर मात्र परिणाम आढळला नाही. येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो. उपस्थिती वाढली आणि गुण वाढले नाहीत, तर छेदस्थानी काय ठेवावयाचे? उपस्थिती ठेवली तर हा कार्यक्रम जगातील सर्वांत स्वस्त शैक्षणिक उपायांपैकी एक ठरतो. गुण ठेवले तर भागाकारच करता येत नाही.

२०१५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी मूळ सामग्रीचे पुनर्विश्लेषण केले. शेजारच्या शाळांवरील परिणाम काढणाऱ्या संगणकीय आज्ञावलीत चूक असल्याचे त्यात आढळले. ती दुरुस्त केल्यावर दूरच्या शाळांवरील लाभ टिकला नाही. गोळ्या दिलेल्या शाळांतील उपस्थितीवाढ मात्र कायम राहिली, परंतु विश्लेषणाच्या पद्धतीनुसार तिची खात्री कमीजास्त होते, असे मत त्यांनी नोंदविले. त्याच वर्षी कॉक्रेन संघटनेच्या समीक्षेने सर्व मुलांना सरसकट गोळ्या दिल्याने पोषण, रक्तातील हिमोग्लोबिन, आकलनशक्ती किंवा शालेय प्रगती यांत सरासरी सुधारणा होत नाही, असे म्हटले. दुसरीकडे २०२१ मध्ये मूळ अभ्यासातील मुलांचा वीस वर्षांनंतर घेतलेला मागोवा प्रसिद्ध झाला. दोन ते तीन वर्षे अधिक काळ गोळ्या मिळालेल्यांचा उपभोगखर्च १४ टक्क्यांनी आणि ताशी कमाई १३ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांची संगती लावता येते. बुसियातील १० पैकी ९ हून अधिक मुलांना जंतसंसर्ग होता आणि १९९८ मधील एल निनोच्या पुरामुळे तो अधिकच वाढला होता. जेथे संसर्ग सौम्य आहे अशा अनेक ठिकाणांची सरासरी काढली तर परिणाम विरून जाणारच. म्हणजे 'जंतनाशक गोळीची परिणामकारकता' असा एकच आकडा अस्तित्वात नाही. संसर्गाच्या तीव्रतेनुसार तो बदलतो. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, हे खरे. परंतु बुसियाचा साडेतीन डॉलरचा आकडा घेऊन आपल्या राज्यातील प्रत्येक जिल्ह्यात तेवढाच लाभ होईल असे मानणे शास्त्रीय नव्हे.

आकड्यांच्या विश्वासार्हतेचा आणखी एक दाखला येथे द्यावासा वाटतो. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना आदींच्या सहकार्याने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोगनियंत्रणाच्या अग्रक्रमांवरील ग्रंथात जंतनिर्मूलनाचा खर्च प्रति डॅली ३.४१ डॉलर इतका दिला होता. 'गिव्हवेल' या अमेरिकी संस्थेने २०११ मध्ये त्यामागील गणनपत्रक मागवून तपासले, तेव्हा त्यात पाच वेगवेगळ्या चुका आढळल्या. त्या दुरुस्त करता हा खर्च ३२६.४३ डॉलर झाला. जवळजवळ शंभर पटींचा हा फरक होता. पाच वर्षे हा आकडा अनेक अहवालांत उद्धृत होत राहिला आणि दोन दशांशस्थळांपर्यंतची त्याची अचूकता पाहून कोणालाही शंका आली नाही. या ग्रंथामागे ज्येष्ठ तज्ज्ञ होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. धडा इतकाच की दशांशस्थळे ही खात्रीची खूण नसते.

५. खर्च : अंशस्थानी कोणाचा?

परिणामाच्या बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खर्चाच्या बाजूकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. खर्च म्हणजे हिशेबवहीतील रक्कम असे धरले जाते. परंतु तो कोणाचा खर्च, हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम हस्तांतरणाचा मुद्दा घेऊ. मेक्सिकोमध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोग्रेसा' योजनेत मुलांना शाळेत पाठविणाऱ्या गरीब कुटुंबांना रोख रक्कम दिली जात असे. ही संपूर्ण रक्कम 'शालेय उपस्थिती वाढविण्याचा खर्च' म्हणून धरली तर योजना अत्यंत महाग ठरते. पण तो पैसा नष्ट झालेला नाही. तो गरीब कुटुंबाच्या हाती गेला आहे आणि गरिबी कमी करणे हाच योजनेचा एक हेतू होता. उदयपूरच्या डाळीचेही तसेच. ती शिबिराच्या दृष्टीने खर्च आहे, आईच्या दृष्टीने घरात आलेले धान्य आहे. अनेक हेतू असणाऱ्या कार्यक्रमाला एकाच हेतूच्या तराजूत तोलले तर तो नेहमीच हलका भरतो. त्यामुळे एकहेतू कार्यक्रमांना या पद्धतीत अंगभूत झुकते माप मिळते.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे लाभार्थ्याने सोसलेला खर्च न धरणे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. गौरव दत्त व मार्टिन रॅव्हेलियन यांनी १९९४ मध्ये राज्यातील दोन गावांच्या सामग्रीवरून दाखवून दिले की हमीच्या कामावर गेल्यामुळे मजुराला दुसऱ्या कामाची जी कमाई सोडावी लागते, ती मिळालेल्या मजुरीच्या सुमारे एक चतुर्थांश भरते. म्हणजे शंभर रुपये मजुरी वाटली तरी निव्वळ लाभ पंचाहत्तर रुपयांच्या आसपास असतो. शासनाच्या वहीत हा पंचवीस रुपयांचा फरक कोठेच दिसत नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा श्रमाच्या किमतीचा आहे. बालसखी कार्यक्रम स्वस्त का ठरला? त्याची अध्यापनपद्धती चांगली होती, हे एक कारण. आणि बालसखीला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन मिळत होते, हे दुसरे. देशभर राबविल्या जाणाऱ्या घरोघरी नवजात बालसेवेत आशा सेविकेने प्रसूतीनंतर सहा ते सात गृहभेटी दिल्या की तिला २५० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. सहा आठवड्यांत विभागलेल्या या भेटींसाठी तिने चाललेले अंतर, रात्रीअपरात्री आलेले बोलावणे आणि बाळ दगावल्यास सोसलेला रोष यांचा समावेश त्या रकमेत आहे, असे कोण म्हणेल? ती कर्मचारी नव्हे तर 'स्वयंसेविका' आहे, या एका शब्दाने गुणोत्तर सुधारते. २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा सेविकांनी मानधनवाढीसाठी संप केला. खर्च-परिणामकारकतेच्या भाषेत पाहिले तर त्यांची मागणी मान्य करणे म्हणजे कार्यक्रम 'कमी कार्यक्षम' करणे होय. जी पद्धत अशा निष्कर्षाप्रत नेते, तिच्या गृहीतांचा पुनर्विचार आवश्यक आहे.

लिटल-मिर्लीस यांच्या परंपरेत छायावेतन मोजले जाई. त्या काळी प्रश्न असा होता की बेकार मजुराला दिलेले वेतन हे समाजाच्या दृष्टीने खऱ्या खर्चापेक्षा अधिक तर नाही ना? आज तोच प्रश्न उलट बाजूने विचारावयास हवा. ज्या स्त्रीला दिलेला मोबदला तिच्या श्रमाच्या खऱ्या किमतीहून कमी आहे, तेथे वहीतील खर्च हा समाजाने सोसलेल्या खर्चापेक्षा कमी दिसतो. ही तूट तिने स्वतः भरून काढलेली असते. गरिबांसाठीच्या कार्यक्रमाला एका गरीब स्त्रीने दिलेले ते अनुदान आहे आणि कोणत्याही अहवालात देणगीदार म्हणून तिचे नाव येत नाही.

६. गडचिरोलीचा आकडा आणि त्याचा प्रवास

डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बालकांची घरी काळजी घेतली व ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाली. दर बालकामागे खर्च ५.३ डॉलर आला आणि दर १८ बालकांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एक मृत्यू टाळण्यास सुमारे ९५ डॉलर लागले. येथील गावांची निवड यादृच्छिक नव्हती, हे खरे. तरीही परिणामाचा आकार आणि नोंदींची शिस्त पाहता या अभ्यासाचे महत्त्व जगाने मान्य केले, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा सेविकांमार्फत हा उपक्रम देशव्यापी केला.

प्रश्न उरतो तो आकड्याच्या प्रवासाचा. 'सर्च'ची स्थापना १९८६ मधील. नवजात बालकांवरील काम सुरू होईपर्यंत संस्था गावकऱ्यांच्या परिचयाची झालेली होती, डॉक्टर जिल्ह्यातच राहत होते, आरोग्यदूतांवर नियमित देखरेख होती. असा विश्वास कोणत्याही खर्चपत्रकात दाखविता येत नाही. पण तो नसेल तर तान्ह्या बाळाला हात लावू देण्यास कोणती सासू तयार होईल? घानामधील 'न्यूहिंट्स' चाचणीत गृहभेटी शासकीय यंत्रणेच्या चौकटीत झाल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्युदरातील घट ८ टक्के होती व तीही संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्विवाद नव्हती. दोन्हीकडील सेवांत फरक होता. गडचिरोलीतील आरोग्यदूत जंतुदोषावर घरीच उपचार करीत, घानातील स्वयंसेवक बाळाला दवाखान्यात पाठवीत. परंतु 'गृहभेट' हे नाव दोन्हींना एकच दिले जाते आणि नावाबरोबर आकडाही प्रवास करू लागतो.

राबविणारा बदलला की परिणाम बदलतो, याचे आणखी स्पष्ट उदाहरण केनियातच मिळते. कंत्राटी शिक्षक नेमण्याचा तोच कार्यक्रम देशाच्या सर्व आठ प्रांतांत काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने, तर काही शाळांत शासनाने राबविला. संस्थेच्या शाळांत गुण वाढले. शासनाच्या शाळांत काहीही वाढ झाली नाही. आपल्या उदयपुरातही परिचारिकांची उपस्थिती यंत्राने नोंदवून गैरहजेरीबद्दल वेतनकपात करण्याचा प्रयोग झाला. पहिले सहा महिने उपस्थिती लक्षणीय वाढली. पुढे वरिष्ठांकडून 'सूट' मिळालेले दिवस वाढत गेले आणि सोळा महिन्यांनंतर फरक उरला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अपयशाचा वृत्तान्त यशोगाथांइतकाच मोलाचा आहे. अँगस डीटन व नॅन्सी कार्टराइट यांनी २०१८ मध्ये मांडलेला आक्षेप येथे सार्थ वाटतो : चाचणी फार तर 'तेथे घडले' एवढे सांगते, 'येथे घडेल' हे सांगण्यासाठी ते का घडले याचे ज्ञान लागते.

७. सरासरी आणि शेवटचा पाडा

यापुढील अडचण तांत्रिक नाही, नैतिक आहे. भामरागड तालुक्यातील नदीपलीकडच्या पाड्यावर पावसाळ्यात लस पोहोचविण्याचा दर बालकामागचा खर्च सपाटीवरच्या मोठ्या गावापेक्षा अर्थातच अधिक येईल. दिलेल्या रकमेत जास्तीत जास्त बालके हेच सूत्र असेल, तर त्या पाड्याचा क्रम सर्वांत शेवटी लागेल आणि निधी मर्यादित असल्याने तो क्रम कधी येणारच नाही. गुणोत्तराला दुर्गमता ही केवळ महागाई वाटते. परंतु जो पाडा रस्ता, शाळा, वीज या प्रत्येक वेळी मागे ठेवला गेला, तोच आता 'पोहोचण्यास महाग' ठरतो. म्हणजे मागील अन्यायाच्या आधारे पुढील अन्यायाचे समर्थन होते.

याचा अर्थ खर्च पाहूच नये असा नाही. पाड्यावर पोहोचण्याचे दोन मार्ग असतील तर त्यांतील स्वस्त मार्ग निवडणे योग्यच होय. पण पाड्यावर जावयाचे की नाही, हा निर्णय गुणोत्तराच्या कक्षेबाहेरचा आहे. तो हक्काचा प्रश्न आहे. साधनाची निवड आणि साध्याची निवड यांतील हा भेद पाळला तर बराचसा गोंधळ टळतो. ज्या गोष्टी चाचणीत बसत नाहीत, उदाहरणार्थ जमीनसुधारणा, न्यायव्यवस्था किंवा कामगार संघटना, त्यांचे महत्त्व केवळ त्या मोजता येत नाहीत म्हणून कमी होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, खर्च-परिणामकारकतेचे विश्लेषण नाकारणे म्हणजे पेरूतील लॅपटॉप आणि मुंबईतील बालसखी यांना एकाच मापाने मोजणे होय. ते गरिबांना परवडणारे नाही. दुसरा, प्रत्येक गुणोत्तरामागे कोणता परिणाम निवडला, खर्च कोणाचा धरला, कोणी व कोठे राबविले या निवडी असतात आणि त्या वाचकाला दिसल्या पाहिजेत. तिसरा, अल्प मानधनातून आलेली स्वस्ताई ही कार्यक्षमता नव्हे. मूल्यमापनात वाजवी वेतन धरून काढलेले गुणोत्तर स्वतंत्रपणे द्यावे. असे केल्यावरही उत्तम कार्यक्रम उत्तमच ठरतील. गडचिरोलीतील ५.३ डॉलर दुप्पट केले तरी एक मृत्यू टाळण्याचा खर्च २०० डॉलरच्या आतच राहतो. न्याय्य वेतन देऊनही टिकेल एवढे बळ त्या कार्यक्रमात आहे, हे सांगण्यासाठीसुद्धा मोजणीच उपयोगी पडते.

आपल्या महाविद्यालयांतून होणाऱ्या योजना-मूल्यमापनाच्या लघुप्रकल्पांत 'लाभार्थी संख्या' आणि 'समाधानी लाभार्थ्यांची टक्केवारी' यांपलीकडे आपण क्वचितच जातो. योजना नसती तर काय झाले असते, खर्चाचा कोणता भाग वहीबाहेर राहिला आणि यादीत कोण आलेच नाही, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत आले तरी अशा अहवालांचे स्वरूप बदलेल. एका रुपयाचे मोल काढताना तो रुपया कोणाच्या पदरातून आला आणि कोणाच्या पदरात पडला, हे विचारणे हाही संशोधनाचाच भाग आहे.